पंधरा मिनिटं, एक पद: रहवासी संघापुढच्या पाणी-सादरीकरणाच्या नोंदी

१२ एप्रिल

रहवासी संघाच्या वार्षिक सभेत पंधरा मिनिटं मिळाली. सभा ८ जूनला, संध्याकाळी सहाला, कॉलनीच्या हॉलमध्ये. विषय गेल्या वर्षीचाच: छतावर पडणारं पावसाचं पाणी गाळून बोरिंगमध्ये सोडणं.

गेल्या वर्षी मी अडतीस स्लाइड दाखवल्या. टाळ्या मिळाल्या, ठराव मिळाला नाही. सभेनंतर चहा घेताना दोन नंबर गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "छान बोललीस गं. पण आम्ही करायचं काय?" तो प्रश्न वर्षभर माझ्यासोबत आहे. यंदा तयारी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवते आहे, म्हणजे काय बदललं आणि का बदललं ते मलाच कळेल.

१६ एप्रिल

जुनी फाइल उघडली. पहिल्या स्लाइडवर माळव्याची जुनी म्हण, 'डग डग रोटी, पग पग नीर': पावलोपावली भाकरी, पावलोपावली पाणी. इंदूरात पाण्यावर बोलणारा प्रत्येक जण याच ओळीने सुरुवात करतो आणि ती आली की लोक मोबाइल काढतात. मग माळव्याचा भूगोल, मग बेसॉल्ट, म्हणजे इथला काळा खडक, मग भूजलाचे प्रकार, मग गाळणीच्या चार पद्धती. खर्च चौतिसाव्या स्लाइडवर.

बराच वेळ बघत बसल्यावर लक्षात आलं की हा सगळा क्रम मी विषय ज्या क्रमाने शिकले त्याचा आहे. आधी भूगोल वाचला म्हणून आधी भूगोल. ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायला आधी काय लागेल आणि नंतर काय, हा विचार तिथे नाही. माहिती एकही चुकीची नव्हती, म्हणूनच वर्षभर दोष सापडत नव्हता.

फाइल बंद केली. महिनाभर तरी नवी स्लाइड करायची नाही, असं ठरवलं.

२० एप्रिल

चार दिवस संध्याकाळी ओट्याओट्यावर जाऊन बसले. कुणाला काही समजावलं नाही, फक्त विचारलं आणि लोक जसं बोलले तसं वहीत उतरवलं.

कोषाध्यक्ष काका: "पैसा संघाचा की घराघराचा?" तीन नंबर गल्लीतली वैनी: "आमचं बोरिंग आटून चार वर्षं झाली, आता त्यात पाणी सोडून काय होणार?" तिच्या शेजारचे भाऊ: "मी पाणी सोडायचं आणि ते शेजाऱ्याने उपसायचं, असं तर नाही ना?" दोन घरांत विचारलं, "घाण पाणी आत गेलं तर?" भूगोलाबद्दल एकानेही विचारलं नाही.

सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं एक नंबर गल्लीतल्या आजोबांनी. गेल्या वर्षी माझ्या एका स्लाइडवर लिहिलं होतं की नर्मदेचं पाणी महाग पडतं. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, १९७० साली नर्मदेचं पाणी इंदूरला यावं म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. ती १९७८ ला घरी आली. तू तिला खर्चाच्या रकान्यात टाकलंस." मला फार वाईट वाटलं. सभेत पुढच्या रांगेत बसणारे निम्मे लोक त्याच पिढीचे आहेत. त्यांनी मिळवलेल्या पाण्याला मी दोष दिला आणि लगेच त्यांच्याकडे मत मागितलं.

भाषेचंही ठरलं. दहा-बारा घरं हिंदी बोलणारी आहेत. बोलणं मराठीत, पण पडद्यावर दोन्ही भाषांत चालणारेच शब्द: छत, पाईप, जाळी, बोरिंग, टँकर, लीटर.

२७ एप्रिल

आजची नोंद लांबेल.

रामबागेत मोठ्या काकांकडे गेले होते. वय ८१. चाळीस वर्षं नारदीय कीर्तनं केली. मी सहज तक्रार केली की पंधरा मिनिटांत काय काय बसवू. त्यांनी विचारलं, "पद कोणतं?" मला कळलं नाही. मग त्यांनी कीर्तनाची बांधणी सांगितली. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकूनही मी ती कधी बांधणी म्हणून पाहिली नव्हती.

आधी नमन. मग मुख्य पद, एकच. पूर्वरंगात त्याच पदाचं निरूपण: शब्द उलगडायचा, दाखला द्यायचा, शंका आपणच काढायची आणि आपणच फेडायची. मग नामाचा गजर होतो, बुवांना हार आणि बुक्का, लोक जरा सैलावतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. एकच गोष्ट, आणि ती त्या पदाचीच साक्ष देणारी. गोष्ट शिगेला पोहोचली की बुवा परत त्याच पदावर येतात. पद तेच असतं, पण तासाभरापूर्वी नुसते कानावर पडलेले शब्द आता श्रोत्याला आपले वाटतात.

मी विचारलं, लोकांना गोष्ट आवडते तर आख्यान आधी का नाही? काका म्हणाले, "गोष्ट आधी सांगितलीस तर लोक गोष्ट घेऊन घरी जातात, पद राहतं देवळात." आणि एक खूण सांगितली: "लोक मांडी बदलायला लागले की समजावं, आपण पदापासून लांब गेलो. आवाज वाढवून उपयोग नाही. पदावर परत यायचं."

घरी परतताना तपासत होते. गेल्या वर्षी माझ्याकडे निरूपणं अडतीस होती आणि पद नव्हतं.

एक फरक मात्र मनात ठेवायला हवा. कीर्तनाला लोक श्रद्धेने येतात, आमच्या सभेला टँकरच्या बिलाने वैतागून येतात. त्यामुळे नमनाच्या जागी काय, हे माझं मलाच शोधावं लागेल.

३ मे

आठवडाभर फक्त पदावर काम केलं.

पहिला खर्डा: 'पावसाचं पाणी जिरवणं ही काळाची गरज आहे.' याला कुणी नाही म्हणणार नाही आणि त्यावर कुणी काही करणारही नाही. दुसरा: 'प्रत्येक घराने यंदा छताचं पाणी बोरिंगमध्ये सोडावं.' हे करण्याजोगं आहे, पण सभेच्या हातातलं नाही. माझ्या घराच्या पाईपबद्दल सभा ठराव करू शकत नाही.

मग उलट बाजूने गेले. ही सभा, या दिवशी, हात वर करून नेमकं काय ठरवू शकते? हॉलचं छत संघाचं आहे. बागेजवळचं बोरिंगही संघाचं. दोन्हीत अंतर अकरा मीटर. तिथून पद मिळालं:

'या पावसाळ्याआधी हॉलच्या छताचं पाणी संघाच्या बोरिंगमध्ये सोडू या, आणि दिवाळीला हिशेब बघून पुढचं ठरवू या.'

मागणी लहान झाली याची आधी हुरहुर वाटली. पण यात कोषाध्यक्ष काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, तारीख आहे, आणि ज्याला शंका आहे त्यालाही हात वर करता येतो, कारण दिवाळीला हिशेब होणार आहे. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलं. आता प्रत्येक स्लाइड या कागदासमोर धरून बघायची.

१० मे

आकड्यांचा दिवस.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. हे इतकं सरळ आहे की सूत्र दाखवायची गरजच नाही. हॉलचं छत १०० चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला १०० लीटर. इंदूरचा वर्षाचा पाऊस सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ९५,००० लीटर. त्यातलं काही उडतं, काही पहिल्या सरीत मुद्दाम बाहेर सोडावं लागतं. ऐंशी टक्के हाती लागलं तर ७६,०००.

शहात्तर हजार हा आकडा आईला सांगितला. ती म्हणाली, "बरं." मग म्हटलं, आपल्याकडे येतो तो पाच हजार लीटरचा टँकर, तसे पंधरा. तिने हातातली पळी खाली ठेवली. "एका छताचे?"

पडद्यावर तेवढंच जाईल: एक छत, पंधरा टँकर. पाच हजार लीटरचा टँकर आमच्या दारात उभा राहतो, प्रत्येकाने त्याची नळी धरली आहे. आकडा ऐकणाऱ्याच्या मापात भरून द्यावा लागतो.

नमनही इथेच सापडलं. संघाच्या रजिस्टरमध्ये गेल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या नोंदी आहेत: सत्तेचाळीस. सुरुवातीला ते रजिस्टरच हातात धरून हा आकडा वाचायचा. सगळ्यांच्या खिशातून गेलेली गोष्ट आहे, त्यावर कुणाचं दुमत नाही.

१४ मे

कॉलनीतल्या एकोणतीस बोरिंगची माहिती गोळा झाली. तक्ता घरक्रमांकाने लावला होता आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. ११० फूट, ५४०, २३०, ३९०, नुसते आकडे विखुरलेले. मग तेच आकडे बोरिंग मारल्याच्या सालाप्रमाणे लावले. १९८४ चं ११० फूट. नव्वदीतली दोनशेच्या पुढे. २००८ च्या सुमाराची चारशेला टेकलेली. अलीकडची सहाशे. जिना खाली उतरत जावा तसं चित्र. एक आकडा बदलला नाही, फक्त क्रम बदलला.

क्रमाचं महत्त्व सांगणारं एक जड उदाहरण आहे. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडायच्या आदल्या रात्री, त्याची घन-इंधन रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी नासाला फॅक्सने तेरा तक्ते पाठवले. म्हणणं होतं की एवढ्या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या काम करणार नाहीत, उड्डाण करू नका. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण आधीच्या उड्डाणांत कड्यांना झालेली इजा आणि त्या दिवशीचं तापमान, हे सगळं तापमानाच्या क्रमाने मांडलेलं एक चित्र त्या तेरांत नव्हतं. शेवटी कंपनीने आपला सल्ला मागे घेतला; त्यामागे वरिष्ठांचा दबाव आणि इतरही कारणं होती. दुसऱ्या दिवशी, २८ जानेवारीला, ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. हे मी सभेत सांगणार नाही, आमच्या विषयाला ते फार मोठं आहे. पण तक्ता करताना ते माझ्या मनात राहील.

१९ मे

आख्यान मिळालं, आणि ते आपल्याच गावचं निघालं.

पॅट्रिक गेडिस. स्कॉटलंडचा, मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात तो इंदूरला आला आणि शहरासाठी केलेला त्याचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. घरं झाडा, उंदीर हटवा, हे सांगून लोक ऐकत नव्हते; अधिकाऱ्यांवर विश्वास नव्हता. गेडिसने दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं, आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यांनी जाणार नाही. ज्या भागात घरांची सफाई-डागडुजी सगळ्यांत चांगली होईल, त्या रस्त्यांनी जाईल.

गल्ल्यागल्ल्यांत झाडझूड सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती, आणि शेवटी इंदूर नगरीची देवी, लोकांनी तोवर कधी न पाहिलेली.

मी हे वाचून उठले आणि गच्चीवर फेऱ्या मारत राहिले. गेडिसकडे आकडे होते, नकाशे होते, अख्खा अहवाल होता. पण लोकांपुढे जाताना त्याने त्यांच्या दिवाळीतली, त्यांच्या मिरवणुकीतली एक गोष्ट उचलली, आणि पुढचं पाऊल त्यांच्या हातात दिलं. रस्ता कुठून जाईल हे लोक ठरवणार होते. माझ्या पदाची याहून चांगली साक्ष मिळणार नाही.

२५ मे

पहिली तालीम. श्रोते आई, माझा भाऊ आणि त्याचा दहावीतला मुलगा. वेळ लागला तेवीस मिनिटं.

भाच्याने सांगितलं, "आत्या, तू स्लाइड वाचतेस तेव्हा मी तुझ्याआधी वाचून टाकतो, मग ऐकत नाही." खरंच आहे. डोळे आणि कान एकाच वाक्यावर लावले की दोन्ही अडखळतात. चार स्लाइडवरची वाक्यं काढून फक्त चित्र ठेवलं. वाक्य मी बोलेन.

मग कापाकापी. गाळणीचे चार प्रकार गेले, आपण बसवणार तो एकच राहिला: जाळी, मोठी खडी, बारीक खडी, वाळू. बेसॉल्टची स्लाइड गेली. नर्मदेची गेली, आणि तिने मात्र फार त्रास दिला. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा कडा चढून साधारण चारशे मीटर उंच पाणी येतं. हजार लीटर तेवढं वर उचलायला, पंपातलं आणि पाईपमधलं नुकसान न धरताही, एक युनिटहून जास्त वीज लागते. हा हिशेब मी स्वतः केला होता आणि मला तो फार आवडतो. पण पदाच्या कागदासमोर धरला तर तो हॉलच्या छताबद्दल काहीच सांगत नाही. नर्मदेसाठी एकच वाक्य ठेवलं, आजोबांसाठी: "नर्मदा तुम्ही आणलीत, छताचं पाणी आम्ही आणतो."

दुसरी तालीम चौदा मिनिटं. स्लाइड नऊ.

३१ मे

सगळ्यांत अवघड प्रश्न तीन नंबरच्या भाऊंचाच. पाणी सोडलं ते आपल्याच बोरिंगमध्ये राहील का?

खरं उत्तर: नाही. आपल्या खाली टाकी नाही, काळा खडक आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून वाट काढतं, कुठे किती जाईल हे वरून सांगता येत नाही. गेल्या वर्षी हा प्रश्न आला तेव्हा मी "थोडंफार राहतं" असं काहीतरी पुटपुटले होते, आणि माझ्या मते ठराव तिथेच पडला.

रामबागेतले मोठे काका म्हणाले तसं, शंका आपणच काढायची. म्हणून निरूपणाच्या मध्यावर मीच विचारणार आणि मीच "नाही" म्हणणार. मग पुढचं वाक्य: "म्हणूनच सुरुवात कुणा एकाच्या घरापासून नको, संघाच्या छतापासून हवी." जे लंगडं वाटत होतं तेच पदाला टेकू झालं. घाण पाण्याचंही तसंच: फक्त छताचं पाणी, अंगणाचं किंवा रस्त्याचं कधीच नाही, आणि पहिल्या सरींचं बाहेर. वैनीच्या आटलेल्या बोरिंगबद्दल मी काहीही वचन देणार नाही.

५ जून

हॉल बघून आले. सहा वाजता पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट पडद्यावर येतं, बोरिंगच्या खोलीचं जिन्यासारखं चित्र पुसटसुद्धा दिसत नाही. दोन जाड चादरी मागून ठेवल्या. शिवाय वीज गेली तर म्हणून जिना आणि 'एक छत, पंधरा टँकर' या दोन गोष्टी मोठ्या पुठ्ठ्यावर हाताने काढल्या. शेवटच्या रांगेतून आईने वाचून दाखवल्या.

८ जून, रात्री साडेदहा

वीज होती. माइक खरखरत होता म्हणून बाजूला ठेवला.

रजिस्टर उघडून "सत्तेचाळीस" म्हटलं तेव्हा मागून कुणीतरी "अठ्ठेचाळीस, एक आमच्याकडे रोखीने आला होता" असं म्हणालं, आणि सभा तिथूनच माझ्यासोबत आली. पद दुसऱ्या मिनिटाला सांगितलं. जिन्याचं चित्र लागलं तेव्हा मी काहीच बोलले नाही. लोक आपलं बोरिंग कोणत्या पायरीवर आहे ते शोधत राहिले, शेजाऱ्याला दाखवत राहिले. तालमीत तिथे दहा सेकंद ठेवले होते, प्रत्यक्षात मिनिटभर गेलं, आणि ते मी जाऊ दिलं.

गाळणीच्या वेळी दोन-तीन जणांनी मांडी बदलली. लगेच पदावर आले.

"नाही, ते तुमच्याच बोरिंगमध्ये राहणार नाही," असं म्हटल्यावर हॉल एकदम शांत झाला. भाऊ हात वर करणार होते, त्यांनी तो खाली घेतला आणि पुढे वाकून ऐकू लागले.

गेडिसची गोष्ट संपवून मी पद पुन्हा म्हणणार, तेवढ्यात दोन नंबरच्या काकू उठल्या. "मग आपल्या गणपतीची मिरवणूकही तशीच काढा की. ज्या गल्लीत जास्त छतं जोडली जातील, त्या गल्लीतून." हे मी लिहिलेलं नव्हतं. चार नंबरवाले म्हणाले, आमच्याकडून दहा वर्षांत मिरवणूक गेलेली नाही. अध्यक्ष भाऊसाहेबांना टेबल वाजवावं लागलं.

पद मी म्हटलंच नाही. कोषाध्यक्ष काकांनी ठराव म्हणून वाचलं. चौतीस हात वर, विरोधात तीन, बाकीचे तटस्थ. आजोबा जाताना डोक्यावर हात ठेवून गेले.

१७ जून

प्लंबरने पाईप जोडला. खडी दोनदा धुवावी लागली. वॉल्वजवळ पाटी लावली: 'पहिल्या सरी बाहेर.'

२२ जून

दुपारी साडेतीनला पाऊस आला. वॉल्व बाहेरच्या बाजूला उघडा ठेवला होता. सुरुवातीला काळपट पाणी, पारव्यांची पिसं, वर्षभराची धूळ. वीस मिनिटांनी धार स्वच्छ झाली तेव्हा भाऊंनी वॉल्व फिरवला. ते छत्री घेऊन माझ्याआधीच तिथे येऊन उभे होते. बोरिंगच्या तोंडाशी कान लावला की खोल, पोकळ आवाज येत होता. काकूंनी ऐकला, वैनीने ऐकला, मग मुलांची रांग लागली.

चार नंबर गल्लीतून संध्याकाळी फोन: छत मोजायला टेप आहे का?